जी रजा कंपनीने दिली नाही, ती विश्वामित्रीने दिली

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत अधूनमधून बाळंतपणावर मजकूर येतो. बाळंतिणीचा आहार, अंगावरचं दूध, टाके, झोप, नोकरीवर परत कधी जावं, असं सगळं. चांगलं असतं, माझ्या बायकोने त्यातली कात्रणं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. पण लेख संपत आला की जागा उरली म्हणून टाकल्यासारखं एक वाक्य येतं: नवऱ्यानेही हातभार लावावा. तो कधी लावावा, कुठे लावावा आणि मुख्य म्हणजे त्याला तो कोण लावू देणार आहे, यावर आजवर एक ओळ वाचली नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त पुराचा भाग कापू नका. मला जे म्हणायचंय ते तिथेच आहे.

मी बडोद्याचा. आमचं जुनं घर खारीवाव रोडला, तिथे काका राहतात. आई, बायको आणि मी कारेलीबागेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये. मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, म्हणजे पाळीभर गेज लावून नग पास-नापास करायचे. यंदा, 2024 च्या राखीपौर्णिमेला, आम्हाला मुलगी झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. बायकोचं माहेर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. पण सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे बाळंतपण बडोद्यालाच करायचं आणि सासूबाईंनी मागाहून यायचं, असं ठरलं. हे ठरलं नसतं तर मीही माझ्या वडिलांसारखाच बाप झालो असतो. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सव्वा महिन्याचा होतो. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आईलाही नाही, आणि त्यांनी माझं काही कमी केलं असंही नाही. पण मला सायकल शिकवण्याआधीचं माझ्याबद्दलचं त्यांना फारसं काही आठवायचं नाही, हे खरं.

कंपनीने तीन दिवस दिले, तेही माझ्याच शिलकी रजेतून. साहेब वाईट नाहीत. पेढा घेतला, पाठ थोपटली आणि म्हणाले, "घरे बा छे ने? तो तारे शुं काम?" घरी आई आहे ना, मग तुझं काय काम? दवाखान्यात नर्सबाईंनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: भाई, तुम्ही बाहेर बसा. बाहेर बाकावर माझ्यासारखेच आणखी बाप बसले होते. सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून. औषधांची चिठ्ठी आली की त्यातला एक उठायचा, खाली मेडिकलमध्ये जायचा, पिशवी आत द्यायचा, परत बसायचा. त्यांना आतलं काहीच नको होतं असं मला वाटत नाही. बोलावलंच कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाळाचं तोंड पिवळं दिसू लागलं. जन्मल्यावर काही दिवस बाळाचं यकृत पुरतं कामाला लागलेलं नसतं. तांबड्या पेशी मोडून तयार होणारं बिलिरुबिन वेळेवर बाहेर पडत नाही आणि कातडी पिवळी होते. बऱ्याच बाळांना होतं, बहुतेकांचं आपसूक उतरतं. आमच्या मुलीचा आकडा मात्र चढलेला होता, म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवायचं ठरलं. आई म्हणाली, सकाळच्या उन्हात धरा, आम्ही तेच करायचो. डॉक्टर म्हणाले, एक तर ऑगस्टात ऊन कुठे आहे, आणि असलं तरी एवढ्या कावीळीला ते पुरत नाही.

त्या दिव्याखाली बाळ उघडंच ठेवतात, अंगावर फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी. पट्टी सरकू नये म्हणून कोणीतरी सतत जवळ बसावं लागतं. बायकोला टाके, आईचे गुडघे. उरलो मी. तिथे मला कोणी बाहेर बसा म्हटलं नाही, कारण तिथे बाळंतीण नव्हती, नुसतं बाळ होतं. रात्रभर मी दोन बोटांनी ती पट्टी जागेवर ठेवत होतो. शुक्रवारी पाळीवर गेलो, कारण तीन दिवस संपले होते. त्या दिवशी पन्नास-साठ नग मी दोनदा मोजले आणि तरी मला त्यांवर भरवसा नव्हता.

शनिवारी घरी आलो आणि आईचं राज्य सुरू झालं. हे मी तक्रारीने म्हणत नाही. साठी उलटलेली बाई गुडघ्याला पट्टा बांधून पहाटे पाचला अळीवाची खीर करते, तिच्याबद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही. पण खोलीची व्यवस्था अशी होती: खिडकी बंद, पडदा ओढलेला, कोपऱ्यात शेगडी, निखाऱ्यावर ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपांची धुरी. पलंगावर बायको, तिच्या डोक्याला फडकं. मी दारापर्यंत. दारातून मला यादी मिळायची. मांडवीहून डिंक आण, वेखंड आण, मुरडशेंग आण, ती दुकानदाराने दिली ती नको, ताजी आण. मी आणायचो. बाळाला उचलायला वाकलो की, "अरे, तुझे हात कसले खरबरीत, मान सांभाळता येणार नाही तुला, दे इकडे." त्याच रात्री सटवाईची पूजा झाली. पाटावर कोरा कागद, पेन. सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. आईने ते पेन माझ्याच खिशातून काढून घेतलं होतं, कंपनीचं, लाल शाईचं. लाल शाईने आम्ही नापास नगांवर खूण करतो. मी म्हटलं, हे नको, निळं देतो. बायको त्या दिवसांत तेवढ्यावर पहिल्यांदा हसली.

रविवारी सकाळी आई रिक्षाने खारीवाव रोडला गेली. माळ्यावर आमचा घराण्याचा लाकडी पाळणा आहे, तो उतरवून घ्यायचा, पुसून तेलपाणी करायचं, बाराव्या दिवशी बारसं. रात्री तिथेच राहून सोमवारी दुपारपर्यंत येते म्हणाली. सोमवार म्हणजे 26 ऑगस्ट, गोकुळाष्टमी. त्या दिवशी बडोद्यात काय झालं ते आपल्याही अंकात आलं असेल. पाऊस थांबेचना. आजव्याचं तळं सयाजीरावांनी शहराला पाणी पाजायला बांधलं, त्याचं जादा पाणी विश्वामित्रीत आलं, नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि कारेलीबाग, समा, फतेगंज, अकोटा अशा किती भागांत ते घरात शिरलं. आमच्या सोसायटीत आधी पार्किंग गेलं, मग तळमजला. तळमजल्यावरचं कुटुंब हाताला लागेल ते घेऊन पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गुजराती शेजारीण बांकडे चढलं. वीज गेली. वीज नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही. लिफ्ट मेली. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. बाहेरगावच्या लोकांना त्यांचं फार अप्रूप वाटलं म्हणे. आम्हाला त्या वेळी मगरीपेक्षा पॉवरबँकमध्ये किती चार्ज उरला आहे याची काळजी जास्त होती.

आई खारीवाव रोडला अडकली. सासूबाईंची गाडी रद्द झाली. मालीशवाली येणं शक्य नव्हतं. कारखाना बंद, रस्ते बंद. साहेबांचा मेसेज आला की पुढची सूचना मिळेपर्यंत कोणी येऊ नये. दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं उरलो: टाके ओले असलेली एक बाई, आठवड्याचं एक मूल आणि ज्याला दारापर्यंतच परवानगी होती असा मी.

आधी मी खिडकी उघडली. धुरी बंद. निखारे कुठून आणणार होतो?

पहिला प्रश्न पाण्याचा. पिण्याचं होतं तेवढं बाजूला काढलं. गच्चीत घमेली, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा मांडून पावसाचं पाणी धरलं, त्यात लंगोट धुतले. वाळत कुठे घालायचे? पाऊस बाहेर आणि घरात दमट. मग गॅसच्या शेगडीजवळ खुर्चीच्या पाठीवर टाकून, खुर्ची फिरवत राहायचं. तयार डायपरचं एक पाकीट होतं, ते रात्रीसाठी राखून ठेवलं. अंघोळ एक दिवस सोडली. बाळाला रोज न्हाऊ घातलंच पाहिजे असं नाही, हे डॉक्टर फोनवर म्हणाले, तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. कोमट पाण्यात फडकं पिळून अंग पुसलं. मानेच्या वळ्या, काखा, जांघा. तिथे दूध आणि घाम साचून पांढरं काहीतरी धरतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. खरबरीत हातांचं म्हणाल तर खोबरेल तेल लावल्यावर ते कोणाच्याही हातांसारखे होतात.

दुसरा प्रश्न कावीळ. दिव्याखालून काढल्यावर आकडा पुन्हा थोडा चढू शकतो, म्हणून सोमवारीच तपासायला बोलावलं होतं. तो सोमवार पाण्यात गेला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, टॉर्चच्या उजेडात बघू नका, पिवळा रंग कळणार नाही. दिवसा खिडकीपाशी न्या. बोटाने कपाळावर दाबा, छातीवर दाबा, मग पायावर. बोट उचलल्यावर खालची कातडी कोणत्या रंगाची दिसते ते बघा. पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, उठवून उठत नाहीसं झालं, तर होडी बोलवा, लष्कराची, एनडीआरएफची, कोणाचीही, पण निघा. आणि मग विचारलं, चोवीस तासांत किती वेळा लघवी झाली?

बाकी सगळ्यात मी नवशिका होतो, पण या एका बाबतीत माझी तयारी होती. दवाखान्यातून आल्यापासून मी वही ठेवत होतो. कंपनीत आमचं इन्स्पेक्शन रजिस्टर असतं तसे रकाने आखले होते: वेळ, दूध कोणत्या बाजूने, किती मिनिटं, शू, शी, शीचा रंग. आई त्या वहीला हसली होती. डॉक्टर हसले नाहीत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, म्हणजे दूध पोटात जातंय. आठ ते बारा वेळा पाजणं. शीचा रंग काळपट हिरव्यावरून मोहरीसारखा पिवळा. आमच्या वहीत हे सगळं बसत होतं. डॉक्टर म्हणाले, मग घाबरू नका, रोज संध्याकाळी मला आकडे सांगा. जन्माचं वजन 2 किलो 800 ग्रॅम होतं, ते घरी येताना 2 किलो 600 झालं होतं. पहिल्या दिवसांत एवढं उतरतंच, साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी भरून निघतं, हेही त्यांनीच सांगितलं. पूर ओसरल्यावर तागडीत ठेवलं तेव्हा ते जन्माच्या वजनापेक्षा वर गेलेलं होतं.

खालून बा आवाज द्यायच्या. त्यांच्याकडे वरखाली मिळून दहा माणसं, तरी जिन्यातून एक डबा वर यायचा. काटलूंची वडी, म्हणजे आमच्या डिंकलाडूची गुजराती बहीण, सुंठ आणि कसल्या कसल्या औषधांची, आणि जेवणानंतर चघळायला भाजलेला सुवा. आईच्या यादीतली बाळंतशेप ती हीच, हे मला त्या डब्यात कळलं. होडीतून दुधाच्या पिशव्या आल्या तेव्हा बांनी आमच्या दोन आधी काढून ठेवल्या. मी खिचडी करायचो. तीन वेळा खिचडी. बायकोने तक्रार केली नाही, पण आता घरात कोणी खिचडीचं नाव काढलं तर ती उठून जाते.

नाळ पडली तीही याच दिवसांत. दुपट्यात काळा वाळका तुकडा दिसला आणि मी घाबरून फोन केला. आई तिकडून ओरडली, "टाकू नकोस, जपून ठेव, ती लागते!" कशाला लागते ते तिलाही नीट सांगता आलं नाही. काड्यापेटीत ठेवली आहे. बेंबी कोरडी ठेवा, काही लावू नका, हळद नाही, तेल नाही, हे मात्र मी तिला फोनवरच ऐकवलं.

बायकोबद्दल लिहू का नको, असा विचार करत होतो. तिला विचारलं, ती म्हणाली लिही, पण नाव घालू नकोस. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री ती पाजता पाजता रडायला लागली. दुखतंय का? नाही. पुराची भीती? नाही. काय होतंय तेच तिला सांगता येत नव्हतं. बाळंतपणानंतर संप्रेरकं एकदम खाली येतात, त्यात झोप नाही, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत असं रडू अनेकींना येतं आणि ओसरतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. दोन आठवड्यांपलीकडे राहिलं, बाळाकडे बघवेनासं झालं, झोप मिळूनही झोप लागेना, तर तो आजार, त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, फुकट, आपल्या भाषेत बोलता येतं. आमचं ओसरलं. पण मी विचार करतो, घर भरलेलं असतं तर हे मला दिसलं असतं का? मी हॉलमध्ये झोपलो असतो. "बाळंतिणीला झोपू दे" म्हणून दार लोटलं असतं आणि ती दाराआड तोंडात पदर कोंबून रडली असती, जशी कदाचित माझी आईही रडली असेल.

पाणी ओसरलं. चिखल, वास, तळमजल्यावरचे फुगलेले पलंग. आई पाळणा घेऊन आली तेव्हा मी बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होतो. तिने आधी उघडी खिडकी पाहिली, मग शेगडी कुठे गेली ते पाहिलं, मग मला. बोलली काही नाही. दोन दिवसांनी सासूबाई आल्या आणि घरात दोन मातब्बर पक्ष झाले. एक म्हणे गुटी सुरू करा, दुसरी म्हणे करो ना करो, काजळ तो लगाना ही पड़ेगा. पूर्वी मी या भांडणात श्रोता असतो. आता मला मत होतं, कारण वही माझ्याकडे होती. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीही नाही, मध तर वर्षभर नाही. काजळात शिसं असू शकतं, डोळ्यांत नाही. शेवटी तह झाला: तीट तळपायाला लावायची, गुटीची सहाण धुऊन कपाटात. सासूबाई अजूनही मला "डॉक्टरसाहब" म्हणतात, आणि ते कौतुकाने नसतं. बारसं गौरी-गणपती उरकल्यावर झालं. आईनेच मला सांगितलं, पाळण्याखालून देताना तू धर, तुला मान धरता येते.

आता मुद्द्याचं.

माझा मेव्हणा प्रतापनगरला रेल्वेत आहे. त्याला मुलगा झाला तेव्हा पितृत्वाची पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना ती असते, दोन अपत्यांपर्यंत. मी खासगी कारखान्यात, मला कायद्याने काहीच नाही. मातृत्व लाभाचा कायदा मुळात 1961 चा. 2017 साली त्यात दुरुस्ती होऊन रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पहिल्या दोन मुलांसाठी. फार चांगलं झालं. त्याच वर्षी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार दिवंगत राजीव सातव यांनी खासगी क्षेत्रातल्या बापांनाही रजा मिळावी म्हणून लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे आज कायद्याच्या लेखी मूल सांभाळणं हे सव्वीस आठवडे एकटीचं काम आहे. आणि मालकाच्या बाजूने पाहिलं तर बाईला नोकरीवर घेतली की सव्वीस आठवडे खर्च, पुरुषाला घेतला की शून्य. मग तो कोणाला घेईल? बापाची रजा ही बापांवरची मेहेरबानी नाही, नोकरी शोधणाऱ्या पोरींच्याही फायद्याची आहे.

कंपनीत हे बोललो तर हसले. एक जण म्हणाला, रजा दिली तर लोक घरी बसून मॅच बघतील. बघतील काही. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून मोटारसायकल घेणारेही आहेत, म्हणून फंड बंद करत नाहीत. मला जास्त टोचतं ते दुसरंच. माझ्या शेजारच्या मशिनवर एक ठेक्यावरचा मुलगा आहे, दाहोदकडचा. जुलैत त्याला मुलगा झाला, गावी. तो एक दिवससुद्धा गेला नाही, कारण गेला की त्या दिवसाचा रोज बुडतो आणि जागाही. उद्या पंधरा दिवसांचा कायदा झाला तरी ठेकेदार त्याला तो लागू करेल असं मला वाटत नाही. कायदा करणाऱ्यांनी त्याच्यापासून सुरुवात करावी, माझ्यापासून नाही.

घरात काय चालावं हे सरकारने का सांगावं, असंही कोणी म्हणेल. बडोद्याच्या माणसाने तरी म्हणू नये. इथे सयाजीरावांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या बापांना दंड लावला. पोरगी शाळेत गेली तर घरात भाकरी कोण थापणार, असं तेव्हाही कोणी तरी म्हटलंच असेल.

आणि एक राहिलं. आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींच्या सुनेला मे महिन्यात मुलगी झाली. त्यांच्या वस्तीत आशाताई येतात: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन, ताप, बेंबी, दूध, सगळं बघतात. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याच्या या पद्धतीचा पाया डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घातला. त्यांचा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे सरकारने ती देशभर घेतली. मराठी माणसाला अभिमान वाटावा असं काम. पण आमच्या सोसायटीत कोणी फिरकत नाही. फ्लॅटवाल्यांना सगळं कळतं असं गृहीत धरलेलं असावं. मावशी म्हणाल्या, आशाताई आल्या की माझा मुलगा बाहेर निघून जातो, बायकांचं काम म्हणून. आशाताईंनी त्याला एकदा हात धरून बसवलं तर? तिसऱ्या दिवशी बाप हजर असावा असं त्या तक्त्यातच लिहिलं तर? याला पैसा लागत नाही.

परवा सहा आठवड्यांच्या लसी आहेत: पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल. जन्मताच टोचलेल्या बीसीजीची जागा डाव्या दंडावर आता फुगून आली आहे, ती तशी येतेच. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आहे. साहेबांनी विचारलं, "बा नथी?" आहे, पण वही मी लिहितो, म्हटलं. दिली.

तेव्हा आपल्याला विनंती अशी. पुढच्या खेपेस बाळंतपणावर पान काढाल तेव्हा निदान अर्धं बापांसाठी राखून ठेवा. त्यात लंगोट कसा बांधावा, मान कशी धरावी, कावीळ कुठे दाबून बघावी, हे चित्रांसकट द्या. आणि वाचकांना विचारा की त्यांच्या कंपनीत बाप झाल्यावर किती दिवस मिळतात, आकडे छापा. माझा मी वर दिलाच आहे.

नाव छापू नये. आमच्या कंपनीत मराठी वाचणारे बरेच आहेत.

आपला एक वाचक,
कारेलीबाग, बडोदे

ता. क. : जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नोंदीचा फॉर्म दवाखाना पाठवतो, पण त्यात आईबापांची नावं आधारप्रमाणे आहेत का ते तिथेच उभं राहून वाचून घ्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना रिकामा ठेवता येतो, नाव मागाहून घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे, त्यामुळे एक काना-मात्रा चुकली तरी पुढे फेऱ्या मारायला बापच जाणार.